मातीचा अहवाल

डांबराच्या कारखान्यामागच्या मातीत मला डांबरातलं विष खाणारे जिवाणू सापडले. दुसरं खायला काही नव्हतं, म्हणून बिचारे विषच पचवायला शिकलेले. प्रयोगशाळेत वाढवून मी ते त्याच आवारात सोडले. मॅनेजरने हसत हसत परवानगी दिली; आधीच्या मातीचे नमुने तेवढे मागून घेतले. दोन वर्षांत जमीन स्वच्छ झाली.

तिथेच तीस वर्षं डांबर उकळणाऱ्या बाबांच्या फुप्फुसांना मात्र ते पचवणं जमलं नाही. कॅन्सर निघाला. आम्ही कंपनीला कोर्टात खेचलं.

कंपनीच्या वकिलाने अहवाल उंच धरला. "साहेब, या आवारात विषाचा मागमूसही नाही."

बाबांनी खोकला दाबत शेजारच्या माणसाला कोपराने डिवचलं. "खालची सही बघा. आमच्या पोरीची आहे."