पाचव्या खेपेनंतर

गोलनारने बाटली पालथी करून ठोकली, तरी कणभरही काही पडलं नाही. पॅलेडियम हा महागडा धातू संपला होता.

नवं परदेशातून यायचं, आणि ते आठ महिने बंदरात अडकून पडलं होतं. तिला प्रबंध महिनाअखेर द्यायचा होता. औषधाच्या रेणूतला शेवटचा सांधा तेवढा जुळायचा राहिला होता, आणि तो जुळवणारी काळी पूड पॅलेडियमशिवाय होत नाही.

"पुढच्या वर्षी बघू," तिचे मार्गदर्शक डॉक्टर तवक्कोली म्हणाले.

"पुढच्या वर्षी मला इथं कोण ठेवतंय, उस्ताद?"

इराणातल्या झंजानच्या या प्रयोगशाळेचं नाव झालं ते त्याच पुडीमुळे. लोहाचे नॅनोकण, वर पॅलेडियमचा हात. काम झालं की काचपात्राला बाहेरून चुंबक लावायचं. पूड काचेला चिकटते, द्रव ओतून घ्यायचा, पूड धुऊन पुन्हा कामाला जुंपायची. बारा वर्षांत चौदा जण या पुडीवर डॉक्टर झाले. रीत अशी होती की ती पाच वेळा वापरून दाखवायची. तक्त्यात पाच आकडे बसले की शोधनिबंध छापायला जाई आणि पात्र मोरीत. सहाव्यांदा वापरायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. छापून तर आलं होतं.

भांडी धुणारे म्हातारे आगा रजबअली चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. ट्रे ठेवून ते कोठीत गेले आणि एक खोकं उचलून आले. आत आंबट चेरीच्या मुरंब्याच्या चौदा जुन्या, धुतलेल्या बरण्या. प्रत्येकीच्या तळाशी बोटभर काळी पूड, वर चिठ्ठी. चिठ्ठीवर विद्यार्थ्याचं नाव आणि साल.

"पोरं टाकून द्यायची," ते ओशाळून म्हणाले. "मी मोरीत ओतायच्या आधी खालून चुंबक धरायचो. जुन्या रेडिओच्या स्पीकरचं आहे."

गोलनारने सगळ्यात जुनी बरणी उघडली. डॉक्टरांच्या पहिल्या विद्यार्थिनीची, बारा वर्षांपूर्वीची. तिने पूड धुतली, वाळवली आणि पात्रात घातली. दुपारी आकडा आला: सांधा एक्याण्णव टक्के जुळला होता. डॉक्टरांनी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला. गोलनारला रडू आलं आणि तिने ते लपवलंही नाही.

"आगा रजबअली," डॉक्टरांनी विचारलं, "वापरून झालेली पूड तुम्ही इतकी वर्षं जपलीत कशाला?"

म्हातारे गोंधळले. आपलं काही चुकलं की काय, असं त्यांना वाटलं.

"चौदाही तोंडी परीक्षांना चहा घेऊन मी मागे उभा होतो, उस्ताद. दर वेळी तुम्ही सांगायचात, ही पुन्हा पुन्हा वापरता येते. मी आपलं खरं धरून चाललो."