चावडीपुढचा देव

साळुबाईचा चांगदेव इंग्रजांच्या लढाईत, तिकडं साता समुद्रापार बसऱ्याला पडला. त्याची राखसुद्धा गावाला, डिंगोऱ्याला आली नाही. सरकारनं चावडीपुढं त्याच्या नावाचा दगड तेवढा रोवला. म्हातारीला कुठलं वाचता येतंय! ती आपली लेकाला घालावी तशी रोज त्या दगडाला आंघोळ घालायची, फूल वाहायची. तिचं बघून बायका पाया पडू लागल्या, कुणीतरी शेंदूर फासला, आणि वर्षा-दोन वर्षांत नाव पार बुजून गेलं.

आज गावात नव्यानं आलेली एक सून नारळ घेऊन आली. "जरा सरका की, आजी. लई जागृत देव हाय म्हणं, नवसाला पावतो."

साळुबाई बाजूला सरली. "काय मागतीस गं, पोरी?"



"ल्योक."