नवरीची असिस्टंट

"करवलीलाबी हिरवा चुडा?" विजयश्रीनं हात मागं ओढला.

"नवरीच्या असिस्टंटला नको व्हय?" सत्यभामाकाकू म्हणाली आणि कासारीण खुदकन हसली.

मग काय, विजयश्रीनं दोन्ही हात पुढं केले. तो शब्द तिचाच होता. बसम्मा मॅडमनी इंग्रजीच्या तासाला शिकवला, तेव्हापासून तिनं घरादाराला तोंडपाठ करून सोडला होता. डॉक्टरला असिस्टंट असतो, वायरमनला असतो, सिनेमावाल्याला तर दहा असतात. तहसीलातल्या माणसाला असिस्टंट म्हटलं की त्याची छाती फुगते. टमटमवर लोंबकळणाऱ्याला म्हटलं की तो चिडतो. शब्द एकच, पण कुणाशेजारी उभं राहता त्यावर सगळं! आज ती मंजुअक्काशेजारी उभी होती. काकूची मंजुश्री, एकवीस वर्षांची, आज तिचं लग्न.

कोहिनूर गावाबाहेर, शेतातल्या महादेवाच्या देवळापुढं छोटा मांडव घातला होता. भावकीत दुःख झालं होतं म्हणून बँड नाही, पत्रिका नाही, पाहुणे मोजकेच. काकूनं दोघींना एकसारख्या पिवळ्या साड्या घेतल्या होत्या. नऊवारी सावरताना विजयश्री दोनदा अडखळली आणि दोनदा स्वतःलाच हसली.

"इजू," तिच्या वडलांनी, हणमंतरावांनी तिला बाजूला बोलावलं. एरवी तिच्याशी फार न बोलणारे अप्पा आज मऊ आवाजात बोलत होते. "कुणी सरकारी माणसं आली तर तूच बोल. अक्काचं आधार, मार्ककार्ड दाव. तुला कन्नडबी येतंय, इंग्रजीबी. लगीन बिनबोभाट पार पडलं पायजे."

"आन् सोमवारचं, अप्पा?"

सोमवारी कलबुर्गीला भाषणाची स्पर्धा होती. तालुक्यातून ती एकटीच निवडली गेली होती. अप्पांनी महिनाभर होकार दिला नव्हता.

"आधी आजचं निभू दे," अप्पा म्हणाले. "मग कोण अडवायलंय तुला?"

विजयश्रीला आभाळ ठेंगणं झालं. ती चुलीकडं पळाली, आईला सांगायला. आई पदरानं डोळे पुसत होती. "धूर गेलाय बाई," एवढंच म्हणाली आणि पाठ फिरवून भात हलवत राहिली.

खटकचिंचोळीची वऱ्हाडी मंडळी आली. नवरदेव हरिओम चांगला थोराड होता, मिशीवाला. विजयश्रीनं पुढं होऊन गूळपाणी दिलं, तर त्यानं मान वर केली नाही. त्याच्या आत्यानं मात्र तिला जवळ ओढलं.

"कितवीला हायस ग?"

"नववीला. इंग्रजीत पयली!"

"चुणचुणीत हाय," आत्या काकूला म्हणाली आणि स्वतःच्या हातानं विजयश्रीच्या केसात गजरा माळला.

मंजुअक्का मांडवात बसली होती. तिनं विजयश्रीचं मनगट धरलं ते सोडेचना.

"इजू, तू हितनं जा. शाळेत जा, मॅडमच्या घरी जा, कुठंबी जा."

"आता? आन् तुझं कोण बघंल? येडी का खुळी तू!"

"माझं काय बघायचंय..." अक्का बोलता बोलता थांबली. काकू हळदीची वाटी घेऊन शेजारी येऊन बसली होती.

तेवढ्यात जीप आली.

महिला-बालकल्याण खात्याच्या एक मॅडम उतरल्या, बरोबर एक पोलीस. हणमंतराव खांबाला धरून उभे राहिले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. विजयश्रीला त्यांची कीव आली. एवढं घाबरायचं कामून? ती आहे ना!

"फोन आला होता," मॅडम कन्नडमध्ये म्हणाल्या. "इथं अल्पवयीन मुलीचं लग्न आहे म्हणून. नवरी कोण?"

"ही माझी अक्का." विजयश्रीनं कन्नडमध्येच खणखणीत उत्तर दिलं आणि आधार, मार्ककार्ड समोर धरलं. "बघा मॅडम, एकवीस पूर्ण. कुणीतरी जळतंय आमच्यावर. आमच्या घरात असलं काही होत न्हाई."

मॅडमनी कागद उलटसुलट पाहिले. मग मंजुश्रीपुढं वाकल्या. "हे लग्न तुझ्या मर्जीनं आहे ना, बाळा?"

मंजुश्रीचे ओठ हलले. तिनं काकूकडं पाहिलं, मग विजयश्रीकडं. "मॅडम, मला..."

"ती लाजायलीय!" विजयश्री मध्येच म्हणाली. "सकाळपासून रडूच थांबंना तिचं. सासरी जायचं म्हणजे तसंच की, मॅडम. तू गप बस अक्का, मी हाय ना बोलायला."

मंजुश्रीनं खाली मान घातली.

"आणि तू कोण ग एवढी?"

"मी हिची असिस्टंट!"

पोलीससुद्धा हसला. मॅडमनी वय विचारलं, तिनं पंधरा सांगितलं. सोमवारच्या भाषणाचंही सांगून टाकलं, विषयासकट. मॅडमनी तिच्या गालाला हात लावला. "अशा मुली पाहिजेत घरोघरी," म्हणाल्या, आणि चहासुद्धा न घेता जीपमध्ये बसल्या.

विजयश्रीनं जीप दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला. अप्पांनी शेताच्या वाटेवरचं काटेरी फाटक ओढून घेतलं, कडी घातली आणि परत येताना पहिल्यांदाच तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"झालं, पोरी. तू केलंस."

ती अभिमानानं फुलून गेली.

गुरुजींनी पाट मांडले, अंतरपाट धरला. हरिओम एका पाटावर उभा राहिला.

"नवरीला आणा. मुहूर्त चाललाय."

मंजुश्री जागची हलली नाही. तिचे खांदे हुंदक्यांनी गदगदत होते.

"अक्का, ऊठ की!" विजयश्री तिच्या काखेत हात घालून उठवू लागली.

"तिला कामून उठवायलीस?" काकू म्हणाली, आणि दंडाला धरून तिनं विजयश्रीलाच पाटावर उभं केलं.