वरचा बाण

"पाच वाजता लोक काम बघायला येणार आहेत, सर," मॅडम म्हणाल्या आणि कानाची पाळी ओढत खिडकीबाहेर बघत राहिल्या. "तोवर टर्मिनल होईल ना?"

"व्हायलाच हवं," तो म्हणाला. "पण साडेपाचला मला सोडा. चिमणीची शाळा सुटते. सात वर्षांची पोर, फाटकाशी एकटी उभी राहते हो."

"उशीर झालाच तर मी आणीन तिला." हात पुन्हा कानाकडे.

आज त्याचा इथला पहिलाच दिवस. हे जमलं नाही तर नोकरी नाही, आणि चिमणीला त्याच्याशिवाय कुणी नाही. मॅडम वयाने लहान, पण माणूस जाणणाऱ्या. न विचारता त्याला लागतो तसा बिनसाखरेचा चहा आला होता.

कोड लिहायचा त्याच खिडकीत खाली एक काळी पट्टी, म्हणजे टर्मिनल, करायची होती. तिथे कमांड टाइप केली की संगणकाने ती पाळायची.

"दुसरी खिडकी उघडायला लावणं म्हणजे मीठ शेजारच्या घरात ठेवण्यातला प्रकार," तो म्हणाला.

मॅडम हसल्या. जरा जास्तच हसल्या आणि डोळे पुसले.

त्याचे हात भलतेच भरभर चालले होते, बोटांना सगळं पाठ असल्यासारखे. चार वाजता एकच गोष्ट उरली. वरचा बाण दाबला की मागची कमांड परत दिसायला हवी.

"ते राहू द्या, सर," मॅडम घाईने म्हणाल्या. "तेवढं कुणी बघत नाही."

"मागचं आठवत नाही ते टर्मिनल कसलं?"

मॅडम चहा टाकायला आत गेल्या.

संगणक सगळ्या कमांडची तारीख-वेळेसकट नोंद ठेवतच असतो, पट्टीने ती फक्त दाखवायची. त्याने ते जोडलं आणि बाण दाबला. आत्ताची कमांड आली. मग दुपारची. मग सकाळची. आणि मग त्याने कधीच न टाइप केलेली एक: 'कोरं-कर'. सकाळी सहाची.

कुणीतरी काम पुसत होतं.

त्याआधी पुन्हा त्याच्याच कमांड, त्याच क्रमाने. तारीख कालची. मग 'कोरं-कर'. मग परवाच्या. बाण दाबून दाबून बोट दुखलं. वर्ष मागे पडलं, यादी सरेना.

कोण पुसतंय ते कळायलाच हवं होतं. आतून कपांचा आवाज येत होता. त्याने 'कोरं-कर'ची फाइल उघडली. कोडच्या डोक्यावर, तो नेहमी लिहितो तशीच, एक टीप होती.

"चिमणे, माझ्या आठवणीबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकलंसच. लिहिता येतंय तोवर लिहून ठेवतो. रोज मी उठायच्या आत हे चालव. हाताला काम असलं की मी फार प्रश्न विचारणार नाही. फक्त खोटं बोलताना कानाची पाळी ओढू नकोस. तेवढं मी ओळखीन. – बाबा."