आठवं प्रकरण

काचबिंदूने डोळे गेल्यापासून कुमुदिनीबाई आत्मचरित्र सांगायच्या आणि मुलगा श्रीरंग ते कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा. बत्तीस पुस्तकं स्वतःच्या हाताने लिहिलेल्या बाईला आता एकेका ओळीसाठी त्याच्या सवडीची वाट पाहावी लागे.

"आठवं प्रकरण वाच बरं."

श्रीरंगने घसा साफ केला. "बेळगावच्या छापखान्यात एक मुद्रितशोधक होते. त्यांची फार मदत झाली."

"पुढे?"

"एवढंच आहे."

परवा सबंध दुपार त्या त्याच माणसाबद्दल बोलल्या होत्या. त्याच्याबरोबर निघून जायचं ठरलं होतं, ट्रंकही भरली होती, पण तीन वर्षांचा श्रीरंग तापाने फणफणला आणि त्या उंबऱ्यातूनच मागे फिरल्या. हे सांगताना कीबोर्डचा आवाज त्यांनी नीट ऐकला होता. म्हणजे तो नुसताच बोटं वाजवत होता.

"बाबांना काय वाटेल, आई?"

"ते जाऊन वीस वर्षं झाली."

"मला वाटतं ना."

"मग बाबांनाही दोन ओळींत उरक. एक गृहस्थ होते, त्यांची मदत झाली. आंधळीला काय कळणार आहे?"

खुर्ची पुढे सरकली.

"त्यांचं नाव तू परवाही घेतलं नाहीस," श्रीरंग हळूच म्हणाला. "काय होतं?"

कुमुदिनीबाईंनी तोंड उघडलं. पन्नास वर्षं त्यांनी ते नाव मनातल्या मनातच घेतलं होतं. आता ते ओठांवर येईना.