पाचवं प्रकरण

"पाचवं प्रकरण तर अप्रतिम!" माझे प्रकाशक हर्डीकर त्रैमासिकातलं परीक्षण मोठ्यानं वाचून दाखवत होते. लिहिणारे माझेच पीएचडीचे मार्गदर्शक.

मी माझं पुस्तक उघडून त्यांच्या टेबलावर आपटलं. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बायकांचा इतिहास लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि बाइंडरनं हर्डीकरांच्याच दोन पुस्तकांच्या छापील पानांचे गठ्ठे एकमेकांत घातले होते. माझ्या पाचव्या प्रकरणाच्या जागी कुठल्याशा प्रेरणादायी कथा बसल्या होत्या. सगळ्या प्रतींत.

"कुणाची तक्रार आलीय का?" हर्डीकर म्हणाले. "कौतुकाचेच फोन येताहेत. उगाच कशाला बोभाटा, मॅडम?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो सवयीनं स्पीकरवर टाकला. प्रेरणादायी कथांच्या त्या पुस्तकाचा कुणी वाचक तावातावानं बोलत होता.

"अहो, मुलीला वाढदिवसाला दिलं हे पुस्तक! मध्येच ती बाई कशाला घातलीत? पोर मेलंय, ते पाटीत झाकून ठेवून ही दिवस मावळेपर्यंत खडी फोडतेय, का तर मजुरी कापतील म्हणून! बायकोला घास उतरत नाहीये. पोरगी विचारतेय, त्या बाईचं नाव काय होतं. काय सांगू तिला?"

नाव मला ठाऊक होतं. मी फोनकडे हात नेला, पण हर्डीकरांनी तो आधीच उचलून कानाला लावला.

"चूक झाली, साहेब. पुढच्या आवृत्तीत ती पानं दिसणार नाहीत."

माझ्या पुस्तकाला मिळालेला तो एकुलता एक वाचक होता, आणि हर्डीकर त्याची माफी मागत होते.