पहिली ओंजळ

भैयाजीनं ओंजळ पुढे केली, तशा विहिरीवरच्या बाया बोलायच्या थांबल्या.

जिजाबाईच्या हातात भरली बादली होती. समोर अण्णाजी मालगुजारांचा लेक. त्याची ओंजळ रिकामी कशी ठेवावी, आणि भरावी तरी कशी?

"वता ना काकू. तहान लागली."

"बापू, तुमच्या बाबाजीले समजलं तर?"

"त्याहिले तहान लागली तर तेही येतीन."

बाया हसल्या. जिजाबाईनं धार धरली. भैयाजी पोटभर प्याला, ओल्या हातानं तोंड पुसलं आणि जिजाबाईच्या लेकाकडं, प्रेमदासकडं वळला. "गोड आहे बे. तुह्या डोक्याले मानलं."

"तुम्ही पुस्तक देल्लं म्हणून जमलं."

"तुम्ही काऊन म्हनतं? वर्धेत तर तू म्हनतं."

"वर्धा वेगळी," प्रेमदास म्हणाला.

दोघं वर्धेला एका वर्गात शिकले. नागपूरच्या इंजिनियरिंग शाळेच्या प्रवेशपरीक्षेला दोघांनाही यंदा बसायचं होतं. पुस्तक भैयाजीचं, ते उलगडायचं काम प्रेमदासचं.

मागल्या दसऱ्याला वस्ती नागपूरला जाऊन बुद्धाची होऊन आली. आल्या दिवसापासून गावची मेली ढोरं ओढणं बंद झालं. अण्णाजींची मालगुजारी गेली होती, नाव राहिलं होतं. ते रागावले नाहीत. नाल्याच्या डोहाकडं जाणाऱ्या पांदणीत त्यांनी बाभळीचे काटे रचले आणि निरोप धाडला, "तुम्ही ढोरं उचला, आमी काटे उचलतो."

वस्तीला दुसरं पाणी नव्हतं. केळझरच्या वाटेवर एक झरा होता, तोही माघातच आटायचा. मग प्रेमदास टेकडीच्या पायथ्याशी हिंडला. कुठं खडक, कुठं मुरूम, दोन थरांच्या मधून पाझर कसा उतरतो, हे पुस्तकात वाचलेलं त्यानं मातीत वाचलं. त्यानं टाच रोवली तिथं त्याचा बाप, चिंधू, खणत गेला. चिंधूला खणणं ठाऊक, पाण्याची वाट पोराला. जन्मभर त्यानं दुसऱ्यांच्या विहिरी खणल्या, आणि पाणी लागलं की त्याच विहिरींपासून लांब उभा राहिला. ही पहिली आपली.

भैयाजी पाणी प्याला त्याच्या दुसऱ्या पहाटे दळताना जिजाबाईच्या तोंडून आपसूक आलं,

*नवी विहीर बाई, पानी उसाच्या रसावानी*
*पयली ओंजळ पेला, भैयाजी लेकावानी*

ओवी वस्तीभर झाली. पोरीबाळी दोर ओढताना तीच म्हणू लागल्या.

ऊन चढत गेलं तसा अभ्यासही चढला. भैयाजी रोज पुस्तक घेऊन विहिरीजवळच्या उंबराखाली येई. जिजाबाई त्याच्यासाठी लाह्या झाकून ठेवी. बाप घरात आपल्याशी बोलत नाही, असं तो हसत सांगायचा, आणि जिजाबाई पदर डोळ्यांना लावायची.

"हा घे, मागल्या सालचा प्रश्न," एका संध्याकाळी तो म्हणाला. "टेकडीखाली इमारत. वरून पानी पाझरते, पाया खचून राह्यला. पानी वरच्या वर कुठी अडवशीन?"

प्रेमदासनं काडीनं धुळीत टेकडी काढली. हाताला सवय होती तीच टेकडी निघाली.

"पायथ्याशी खंदून काही फायदा नाई. वर जा लागते. थर उघडा पडते ना, त्याच्या जरा खाली. तिथं खोल उतरा अन् उपसत राहा."

"मंग खाली?"

"खाली पाया हाडावानी कोरडा."

"थेंब नाई?"

"थेंब नाई."

भैयाजी त्या रेघांकडं पाहत राहिला. "तू पास होतं बे. माहं काही खरं नाई." उठताना त्यानं पाय जपून टाकला, एकही रेघ पुसली नाही.

नागपूरला तुझ्या मावशीकडं जाऊन राहा, गावात अभ्यास होत नाही, हे भैयाजीनंच प्रेमदासला सुचवलं. प्रेमदास निघाला तेव्हा मोटारीपर्यंत पोचवायला आला, पुस्तकही त्याच्याच पिशवीत घातलं.

"अन् तू?"

"मी येतोच मागून."

तो आला नाही. परीक्षेच्या दालनात भैयाजीची जागा रिकामी होती. प्रेमदासनं सगळे प्रश्न सोडवले, पण मधूनच दाराकडं बघत राहिला. परत येताना मोटारीत त्याला एकच काळजी. बापानं कोंडलं तर नसेल?

मिरग अजून लागायचा होता. गावात शिरताना टेकडीवरून इंजिनाची फटफट ऐकू आली. विहिरीवर बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. जिजाबाईनं बादली सोडली. खाली खडकावर ती खणकन वाजली.

"चार रोजापासून असंच हाये," ती म्हणाली. "चिखल येते नुसता."

"आटाले नाई पाहिजे, माय. हे पानी आटनारं नाई."

"बाबाले विचार आता. तो पाहा आला. तू गेला तवापासून वरतेच होता कामावर, रातीले बी घरी नाई."

चिंधू टेकडी उतरत होता, गळ्यापर्यंत भिजलेला. पोराला पाहून त्याचा चेहरा फुलला.

"पानी लागलं रे मालगुजाराच्या नव्या विहिरीले. इंजिन लावलं तरी हटत नाई. अण्णाजी लय खुश झाले. पांदनीतले काटे उचला म्हने आता."

प्रेमदासच्या हातातली पिशवी खाली आली. "विहीर कुठी खंदली, बाबा?"

चिंधूनं वर बोट केलं. "थर उघडा पडते ना, त्याच्या जरा खाली. मले नाई वाटलं तिथं लागन म्हणून. पन भैयाजी बांधावर उभा होता. म्हने, खंदा खुशाल काका, जागा तुमच्या प्रेमदासनंच काढून देल्ली."